समुद्राची चतुःसीमा

इस्लामपुरात जमिनीचं खरेदीखत वाचणाऱ्याला चतुःसीमा समजावून सांगावी लागत नाही. पूर्वेला ओढा, दक्षिणेला अमक्याचं शेत. शेजार सांगितला की जागा ठरते. आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेलं तर तिथला तांडेलही हेच करतो. फक्त पाण्यात त्याला दगड रोवता येत नाही, म्हणून खुणा तो जमिनीकडून उसन्या घेतो.

रत्नदुर्गावरचा दीपस्तंभ एकटा दिसला तर त्याची दिशा तेवढी कळते. पण पुढचं देवळाचं शिखर आणि मागचा डोंगराचा सुळका एकामागे एक आले, की होडी त्या दोघांच्या रेषेवर आहे हे होकायंत्राशिवायही पक्कं होतं. दुसऱ्या अंगाला अशीच आणखी एक जोडी धरली, की दोन रेषा छेदतात तिथे आपण. नांगर टाकल्यावरही नजर याच जोड्यांवर. वारा आणि भरती-ओहोटी होडीला नांगराभोवती फिरवतात, तेवढा फरक पडायचाच. पण शिखर सुळक्यापासून एकाच बाजूला सरकतच राहिलं तर नांगर धरत नाही, घसटतो आहे. देवळातल्या गुरवाला या सगळ्याचा पत्ताही नसतो.

जीपीएस आकडा देतं, तो बहुतेक वेळा बरोबरही असतो. तो चुकला तर मात्र चूक आकड्यात दिसत नाही. ती किनाऱ्याकडे पाहिल्यावरच कळते. आणि पाहायचं काय, हे समुद्रावरून काढलेलं किनाऱ्याचं रेखाचित्र शिकवतं. नकाशा वरून काढलेला, किनारा मात्र होडीतून उभा दिसतो. फोटोत प्रत्येक झाडाला सारखाच मान. चित्र काढणारा नको ते गाळतो. मला हे गाळणंच मोलाचं वाटतं. (समुद्रापासून इतक्या लांबच्या माणसानं यावर का बोलावं? भारताचे सागरी नकाशे करणारं नौदलाचं कार्यालय तर डेहराडूनला आहे.)

आपल्या किनाऱ्याची चित्रं जुनी आहेत. १५३८-३९ मध्ये जुआंव द कास्त्रो हा पोर्तुगीज दर्यावर्दी त्यांच्या आरमाराबरोबर गोव्याहून दीवला गेला. वाटेतली बंदरं त्यानं वर्णनासह चित्रांत उतरवली. त्यात दाभोळही आहे. १५०८ साली पोर्तुगिजांनीच जाळलेलं. चित्रं देखणी आहेत, पण ती बंदरात शिरू पाहणाऱ्या आरमारासाठी होती. दाभोळच्या तांडेलांना तोच किनारा तोंडपाठ असणार. तो कागदावर हवा होता परक्याला.