फळीची शिस्त

शिरूर कासार तालुक्यातली एक आजी नातवाकडे पिंपरीला आली. बीडहून अहिल्यानगरपर्यंत रेल्वेनं, पुढं एसटीनं. उमेदीच्या काळात ती नवऱ्यासोबत मुकादमाची उचल घेऊन दर दिवाळीच्या सुमाराला ऊस तोडायला जायची. नातू शिकला, कंपनीत लागला. कोथरूडच्या आत्याकडे जायचं निघालं, तेव्हा तो म्हणाला, मेट्रोनं जाऊ.

पुणे मेट्रोचे दोन मार्ग डिस्ट्रिक्ट कोर्टला एकमेकांना छेदतात. पिंपरीहून आलेली गाडी जमिनीखाली सुमारे 33 मीटरवर थांबते, वनाझची वर पुलावर. सरकते जिने चढून दोघं वर पोचले, तोच गाडी लागली. दारं उघडली. बाहेरचे आत घुसले, आतले दारातच अडकले. (कुणी कुठून उतरायचं, कुठून चढायचं, याचे बाण फलाटावर काढलेले असतात. वाचता येणारेच ते तुडवतात.)

"आजी, चल!" नातवानं हात ओढला. आजी हलेना. गाडी गेली.

"दारात उभी होतीस तू! का नाही चढलीस?"

"उतरणारे उतरले व्हते का?"

"इथं असं थांबून चालत नसतं."

"रातच्याला फडावर ट्रक यायचा," आजी म्हणाली. "डोक्यावर उसाची मोळी आन् वर चढायला एकच फळी. वरची बाई उतरल्याबिगर खालचीनं पाय ठिवायचा न्हाई."

"मुकादमाचा नियम?"

"त्याला कशाची पडलीय! एकदा एकजण घाईनं चढली आन् उतरणारीला धडकली. दोघी मोळीसकट खाली. एकीचा पाय मोडला, आन् घरी बसली म्हणून खाडाबी तिच्याच नावावर लागला. तव्हापासून बायांनीच ठरवलं."

"ते खरं गं, पण गाडी चुकली ना आपली?"

आजी फलाटावरच्या बाकड्यावर टेकली. "आपल्याकडची रेल्वे 1995 ला मंजूर झाली म्हणतेत. बीडला गाडी आली 2025 ला. तुही पुढची कव्हा हाय?"

नातवानं पाटीकडं पाहिलं आणि त्याला हसू फुटलं.

गाडी आली. आजीनं त्याच्या सॅकचा पट्टा धरून त्याला दाराच्या कडेला ओढलं. मागून रेटत आलेला टायवाला गृहस्थ तिच्या पिशवीला अडखळला, वैतागला आणि तिच्याच मागं उभा राहिला.