न्यायासनावरून उतरताना

आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ नित्यनेमाने मिस्सेला येतात. आयुष्यभर त्यांनी भिवंडीच्या यंत्रमागांवर जॉबर म्हणून काम केले. १९८४ च्या मे महिन्यातील दंगलीत त्यांची खोली जळाली. प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हणताना अपराध्यांना क्षमा करण्याचे वाक्य आले की त्यांचे ओठ मिटतात. वेदीवरून हे माझ्या ध्यानी आले आणि मनोमन मी निवाडा करून मोकळा झालो : मनुष्य पाषाणहृदयी आहे. पुढे एकदा मी विषय काढला. ते शांतपणे म्हणाले, "फादर, देवासमोर खोटं बोलायला जीभ रेटत नाही."

मी निरुत्तर झालो. ज्याचे घर जळाले नाही त्याने क्षमेचा उपदेश करणे किती सोपे! पापनिवेदनात धर्मगुरू पापमुक्ती देतो ती ख्रिस्ताच्या नावाने. पीडिताच्या वतीने क्षमा देऊन टाकण्याचा अधिकार त्याला नाही.

क्षमा म्हणजे न्यायालयांना टाळे लावणे नव्हे. १९७० साली भिवंडी, जळगाव व महाड येथे झालेल्या दंगलींची न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने चौकशी केली. ती आवश्यकच होती. येशू ज्या निवाड्यापासून आपल्याला रोखतो तो निराळा. 'ते सगळे तसलेच' हा तो निवाडा.

१९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी येथे मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही समाजांची माणसे पोलिसांसह एकत्र बसू लागली. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. त्या बैठकांत क्षमेचा शब्द कुणी उच्चारला असेल असे मला वाटत नाही. पण समोर बसलेल्या शेजाऱ्याला 'ते सगळे' म्हणणे अवघड झाले असावे. अर्थात, धंद्यात दोघांचेही पोट एकमेकांवर अवलंबून होते, हेही खरेच.

मत्तयच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायात, अफाट कर्ज माफ झालेला चाकर शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. हा दाखला मी आजवर त्या जॉबरसारख्यांना उद्देशून सांगत आलो. गळा माझ्याही हातात होता, हे उमगायला पन्नाशी उलटावी लागली.

ते गृहस्थ अजूनही त्या ओळीपाशी थांबतात. मी आता त्यांच्या ओठांकडे पाहत नाही. मात्र ती ओळ आली की अलीकडे माझाच आवाज जरा खाली येतो.