न पाहिलेल्या सिनेमांची तारका

२०२४ च्या एप्रिलमध्ये अकोला आणि अमरावती या दोन्ही मतदारसंघांत एकाच दिवशी, २६ तारखेला मतदान झाले. त्या आठवड्यात अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्याकडे लग्न होते. दर्यापूरकडची सोयरी मंडळी बोटाची शाई वाळायच्या आतच येऊन पोचली. दर्यापूर येते अमरावती मतदारसंघात, त्यामुळे जेवणे आटोपून अंगणात खाटा पडल्या आणि गोष्ट निघाली ती नवनीत राणांचीच. सगळ्यांचे सांगून झाल्यावर आमचे थोरले काकाजी म्हणाले, "मले एकच सांगा. नटी, नटी म्हणता तुमी, पण त्या बाईचा एक तरी पिच्चर कोणं पाह्यला हाये का?"

दहा-बारा जण होते. एकानेही पाहिला नव्हता.

सिनेमातली माणसे निवडून येतात ती लोक पडद्याला भुलतात म्हणून, असे आपण फार सहज बोलतो. मीही बोलत आलो. पण अमरावतीने एक तेलुगू चित्रपटांतली अभिनेत्री लोकसभेवर पाठवली आणि तिचे चित्रपट तिथल्या मतदारांनी पाहिलेलेच नव्हते. मग भुलले ते कशाला?

नट राजकारणात गेला म्हणजे काय होते, हे पाहायचे तर तेलुगू मुलुखात जावे लागते. तो मुलूख आपल्याला तसा परका नाही. १८५३ पर्यंत वऱ्हाड निझामाकडेच होता, आणि अकोल्याहून पूर्णामार्गे हैदराबादच्या काचीगुड्याला जाणारी मीटरगेज आमच्या पिढीने पुरेपूर वापरली आहे. त्या मुलुखात एन. टी. रामाराव या नटाने २९ मार्च १९८२ रोजी तेलुगू देसम पक्ष काढला आणि नऊ महिन्यांत, जानेवारी १९८३ मध्ये, ते मुख्यमंत्री झाले. १९५७ च्या 'मायाबाजार'मधला त्यांचा कृष्ण लोकांनी डोक्यावर घेतला होता. नंतरच्या काळात राम, कृष्ण म्हटले की तेलुगू माणसाच्या डोळ्यांपुढे त्यांचाच चेहरा येई. पण देव साकारल्याने मते मिळतात, एवढ्यावर थांबलो तर खरे कारण हातचे जाते. कृष्ण आपल्या नितीश भारद्वाजांनीही साकारला. १९९६ मध्ये ते जमशेदपूरहून निवडूनही आले, पण त्यातून पक्ष उभा राहिला नाही.

रामारावांकडे मुखवट्यापेक्षा मोठी गोष्ट होती, ती म्हणजे आवाज. पौराणिक चित्रपटांतली भारदस्त तेलुगू ते प्रचाराच्या गाडीवरून बोलत. त्या गाडीला 'चैतन्य रथम्' म्हणत. भाषेच्या आधारावर १९५६ मध्ये घडलेले ते राज्य. तिथे १९७८ ते १९८३ या पाच वर्षांत काँग्रेसने चार मुख्यमंत्री बसवले आणि सगळे दिल्लीहून ठरले. लोकांच्या मनात हा अपमान साचून होता, त्याला त्यांच्याच भाषेतला, ओळखीचा आवाज मिळाला. सत्तेत आल्यावर त्या आवाजाने दोन रुपये किलो तांदूळ दिला, मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा देणारा कायदा केला. असा कायदा महाराष्ट्रात १९९४ मध्ये आला, आंध्र आपल्या बरेच पुढे होता.

आणि तरीही १९८९ मध्ये तेच रामाराव सत्ता गमावून बसले, कलवकुर्तीत स्वतःही पडले. ते पुन्हा सत्तेत आले, पण १९९५ मध्ये जावई चंद्राबाबू नायडूंनी त्यांना पदावरून दूर केले आणि पुढच्या जानेवारीत रामाराव वारले. नट चिरंजीवी रामारावांहून कमी लोकप्रिय नव्हते, पण २००९ मध्ये त्यांच्या पक्षाला २९४ पैकी १८ जागा मिळाल्या. चिरंजीवींचे धाकटे बंधू पवन कल्याण २०१९ मध्ये दोन ठिकाणी उभे राहिले आणि दोन्हीकडे हरले. २०२४ मध्ये युती नीट जुळली तेव्हा त्यांच्या पक्षाने लढवलेल्या एकवीसच्या एकवीस जागा आल्या आणि ते उपमुख्यमंत्री झाले. नट तोच, चाहतेही तेच. ज्या मुलुखाला आपण सिनेमावेडा म्हणून हसतो, तिथला मतदारसुद्धा तिकीट वेगळे काढतो आणि मत वेगळे देतो.

आता अमरावतीकडे येऊ. मुंबईत वाढलेली, पंजाबी घरातली नवनीत कौर मॉडेलिंगमधून दक्षिणेत गेली. २००४ मध्ये कन्नड 'दर्शन', मग 'सीनू वासंती लक्ष्मी', 'जगपती' असे तेलुगू चित्रपट, राजामौलींच्या 'यमदोंगा'त छोटी भूमिका. उत्तरेकडून गेलेल्या नायिकांना त्या काळात बहुधा दुसऱ्या कुणाचा तरी आवाज लावला जाई. रामाराव ज्या आवाजावर उभे राहिले, तोच या नायिकांच्या वाट्याला येत नसे. त्यामुळे तेलुगू पडद्याने त्यांना प्रसिद्धी दिली असेल, कॅमेऱ्यासमोर न बिचकण्याची सवय दिली असेल, पण मागे चालणारी जनता दिली नाही.

अमरावतीने नवनीत यांना पहिल्यांदा खरे पाहिले ते फेब्रुवारी २०११ मध्ये, सामूहिक विवाहाच्या मांडवात. बडनेऱ्याचे आमदार रवी राणा आणि त्यांचे लग्न तीन हजारांहून अधिक जोडप्यांसोबत लागले. या घटनेकडे पुण्या-मुंबईच्या नजरेने पाहू नये. ज्या जिल्ह्यांत कापसाच्या कर्जापायी शेतकरी फास जवळ करत होते, तिथे पोरीचे लग्न हा बापाच्या छातीवरचा धोंडा असतो. त्या बापाची पोर आमदाराच्या मांडवात, सिनेमातल्या नवरीच्या सोबतीने बोहल्यावर उभी राहिली. लाज झाकली गेली आणि वर मानही मिळाला. त्यात राजकारणाचा हिशेब होता का? असणारच. पण ज्या घरची पोर उजवली गेली, त्या घरापुरता उपकार खराच होता. अमरावतीने पाहिलेला त्यांचा पहिला आणि एकमेव चित्रपट हाच, असे मला वाटते.

तोही मतदानात एकट्याने पुरला नाही. २०१४ मध्ये राष्ट्रवादीच्या तिकिटावर त्या शिवसेनेच्या आनंदराव अडसुळांकडून सव्वा लाखाहून अधिक मतांनी हरल्या. २०१९ मध्ये अपक्ष उभ्या राहिल्या, काँग्रेस-राष्ट्रवादीने पाठिंबा दिला आणि त्याच अडसुळांना सुमारे ३७ हजारांनी हरवले. एप्रिल २०२२ मध्ये 'मातोश्री'समोर हनुमान चालिसा म्हणण्याच्या घोषणेवरून पतीपत्नींना अटक झाली. कुठल्याही चित्रपटाने दिली नव्हती एवढी ओळख त्या दहा-बारा दिवसांनी देशभर दिली. आणि नेमक्या त्या ओळखीनंतर, भाजपसारख्या बलाढ्य पक्षाचे तिकीट हाती असताना, २०२४ मध्ये दर्यापूरचे आमदार बळवंत वानखडे यांच्याकडून त्या १९ हजार ७३१ मतांनी पडल्या. बच्चू कडूंच्या उमेदवाराने घेतलेली मते या फरकाहून कितीतरी जास्त होती.

मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव, हीही गोष्ट विसरता येत नाही. त्यांचे जातप्रमाणपत्र मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये रद्द केले. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल आधी स्थगित केला आणि ४ एप्रिल २०२४ रोजी फिरवला. कायद्याचा प्रश्न तिथे मिटला. पण रिपब्लिकन नेते रा. सू. गवई जिथून लोकसभेवर गेले, तिथल्या वस्त्यांमध्ये, आपला प्रतिनिधी आपल्या दुःखातून वर आलेला आहे का, हा प्रश्न कोर्टाच्या कागदाने मिटत नाही. तो विचारण्याचा तिथल्या माणसांना पुरता हक्क आहे.

या मतदारसंघाची चाल मुळातच कुणाच्या मुठीत राहणारी नाही. पंजाबराव देशमुख, १९८९ मध्ये कम्युनिस्ट सुदाम देशमुख, १९९१ मध्ये पुढे राष्ट्रपती झालेल्या प्रतिभाताई पाटील, मग शिवसेनेचे अनंत गुढे, असे सगळे इथून निवडून गेले. आणि गर्दी खेचणाऱ्या माणसांचे म्हणाल, तर या भागाला सिनेमाची वाट पाहावी लागली नाही. शेंडगावचे गाडगेबाबा झाडू घेऊन उभे राहत आणि रात्रभर माणसे हलत नसत. तुकडोजी महाराजांची खंजिरी मोझरीहून देशभर गेली. दोघांनीही शब्द आणि सूर यांवर माणसे जिंकली, दोघांनाही मते मागायची नव्हती. मराठीला रामाराव का मिळाला नाही, असे कुणी विचारले की मला हे दोघे आठवतात. हिंदी सिनेमा आपल्याच मुंबईत मोठा झाला आणि मराठी पडदा त्याच्या सावलीत राहिला, हे एक कारण. पण वऱ्हाडापुरते बोलायचे तर आपल्या भाषेतला मोठा आवाज आम्ही आधीच ऐकलेला होता, तो टॉकीजबाहेर, उघड्या मैदानात.

त्या रात्री अंगणात दर्यापूरकडची एक भाची होती. २०११ च्या त्या मांडवात तिचेही लग्न लागले होते. फोटो अजून भिंतीवर आहे, म्हणाली. दिलेली भांडी वापरात आहेत. काकाजींनी तिला विचारले, "मग बाई, तुहं मत तर तिलेच असन?"

"मांडव इसरली नाई मी, काकाजी," ती म्हणाली. "पण सोयाबीन काय भावानं गेलं यंदा, तेबी इसरली नाई." मत कुणाला दिले ते तिने सांगितले नाही. लेकरू पेंगत होते, त्याला खांद्यावर घेऊन ती आत गेली.