न झालेल्या मैफली

१९५२ सालच्या 'बैजू बावरा'मध्ये अकबराच्या दरबारात तानसेन आणि बैजू समोरासमोर येतात. पडद्यावर सुरेंद्र आणि भारतभूषण, गळे मात्र उस्ताद अमीर खाँ आणि द. वि. पलुस्कर यांचे. राग देसी, संगीत नौशाद यांचं. कथेच्या सोयीसाठी बैजू जिंकतो, म्हणजे पलुस्कर जिंकतात. तीन वर्षांनी, ऑक्टोबर १९५५ मध्ये, मेंदूज्वरानं ते गेले. वय ३४. हरलेले खाँसाहेब पुढं १९७४ पर्यंत गायले आणि कलकत्त्यात मोटार अपघातात गेले. हे ठाऊक असलेला आणि ठाऊक नसलेला असे दोन श्रोते शेजारी बसून ती जुगलबंदी ऐकत असतील, तर ते एकच गाणं ऐकत असतात का?

पहिल्याला गाण्यात एक कळ लागते, ती दुसऱ्याला लागत नाही. देसीत आर्तता आहे हे खरं, पण द्रुत लयीतल्या त्या चढाओढीत ती शोधावी लागते. बापूराव पलुस्करांचा आवाज तर नितळ आणि प्रसन्न. सूर लावताना ओढाताण नाही, तान घेताना 'बघा मी काय करतो' असा आव नाही. त्या आवाजात मृत्यूची चाहूल वगैरे काहीही नाही. चाहूल आपल्याला लागते, कारण तारीख आपल्याला माहीत आहे आणि गाणाऱ्याला नव्हती. तरीही गाणं नकोसं होत नाही. उलट ज्यांना ही कळ लागते तेच ते पुन्हा पुन्हा लावतात.

आपल्या साहित्यशास्त्राला हे पटलं नसतं. करुण रसात आनंद का मिळतो, याचा आपल्याकडे हजार वर्षं काथ्याकूट झाला आहे आणि त्यातलं सर्वांत पक्कं उत्तर अभिनवगुप्ताचं. रंगमंचावरचा शोक कुणा एकाचा राहत नाही, तो सर्वांचा होतो, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. याच अभिनवगुप्तानं रसास्वादातली विघ्नंही सांगितली आहेत आणि त्यात निजसुखादिविवशीभाव हे एक आहे. प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असेल, तर समोरचं नाटक त्याच्यापर्यंत पोचत नाही. या कसोटीवर पलुस्करांचं गाणं ऐकताना चुकचुकणारे आपण नापास आहोत. आपला शोक एका विशिष्ट माणसासाठी, एका विशिष्ट तारखेला चिकटलेला आहे. त्याला रस म्हणता येणार नाही. तो सुतकाच्या जवळचा.

आणि यात तथ्य आहे. चरित्रानं गाणं नासवल्याची उदाहरणं आपल्याकडे कमी नाहीत. कुमार गंधर्वांचंच घ्या. पंचविशीच्या आतच क्षयानं त्यांना गाठलं, देवासला वर्षानुवर्षं अंथरुणात काढावी लागली, एक फुप्फुस निकामी झालं. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक तुटक तानेत, प्रत्येक अचानक सोडलेल्या सुरात लोकांना ते फुप्फुस ऐकू येऊ लागलं. 'एका फुप्फुसावर गायचे हो!' ही दाद तर आजही मिळते. ही दाद कसली, हा वैद्यकीय अहवाल झाला. त्याच अंथरुणात खिडकीबाहेरची माळव्याची लोकगीतं कानावर पडत होती, त्यांच्यातले सूर उचलून त्यांनी पुढं नवे राग बांधले, १९६५ मध्ये 'अनूपरागविलास' लिहिलं, आणि १९९२ मध्ये जाईपर्यंत जवळजवळ चार दशकं ते गात राहिले. त्यांच्या निर्गुणी भजनातली ती मोकळी, फेकलेली पुकार म्हणजे एका विचारी गायकानं घेतलेला निर्णय आहे. तिला आजाराचा पडसाद ठरवणं म्हणजे कलावंताला रुग्णाच्या जागी बसवणं. आपल्या हळहळीचा हा दोष मला मान्य आहे.

पण तिथंच थांबलो तर ख्यालगायनाबाबतची एक साधी गोष्ट सुटून जाते. चित्रपटातलं गाणं किंवा नाट्यपद ध्वनिमुद्रित झालं की बहुतेक पुरं झालं. ख्यालाचं तसं नाही. बंदिश दोन-चार ओळींची असते, बाकीचा सगळा राग गवई त्या संध्याकाळी, त्या तबलजीबरोबर, समोरच्या त्या माणसांसाठी घडवतो. उद्याचा यमन आजच्या यमनासारखा नसतो. त्यामुळं गवई जातो तेव्हा जे हरवतं त्याचा बराचसा भाग कधी अस्तित्वातच आलेला नसतो. पलुस्करांच्या तबकड्या आपल्याकडे आहेत. त्यांचा पन्नाशीतला श्री, साठीतला गौडसारंग कुणाकडेच नाही. ती हुरहूर हळवेपणातून येत नाही. ख्याल म्हणजे काय हे कळलेल्या माणसालाच ती नीट लागते. अभिनवगुप्ताच्या यादीत तिला विघ्न म्हणून बसवणं मला जड जातं.

गंमत अशी की या शोकाला आवाज लागतो. अल्लादियाखाँसाहेबांनी आपलं ध्वनिमुद्रण होऊ दिलं नाही. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, त्यांचाही गाता आवाज मागं राहिला नाही. या दोघांविषयी आपल्याला आदर आहे, आख्यायिका पाठ आहेत, पण त्यांच्यासाठी गळा दाटून येत नाही. केसरबाई केरकरांसाठी येतो, कारण त्यांच्या तबकड्या आहेत. गोव्यातल्या केरीच्या या बाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी 'व्हॉयेजर' यानांवरच्या सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीत गेली. दुसरं यान ५ सप्टेंबर १९७७ ला उडालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ही गोष्ट सांगताना लोकांचे डोळे चमकतात, कारण आवाज अमर झाला वगैरे. मला मात्र त्यात साडेतीन मिनिटंच दिसतात. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर तेवढंच मावायचं. जयपूर घराण्याचा तो पेचदार, आवर्तनाला आवर्तन जोडत जाणारा विस्तार एका बाजूत कसा बसणार? अवकाशात गेला आहे तो केसरबाईंच्या गाण्याचा मासला.

महाराष्ट्रानं या सगळ्या दुःखाचं काय केलं, तर त्याला तिथी दिली. सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षापासून भीमसेन जोशींनी पुण्यात गुरूची पुण्यतिथी सुरू केली. तिचाच आजचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव झाला. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्याजवळ अब्दुल करीम खाँसाहेब विसावले आहेत, तिथंही दरवर्षी गाणं होतं. आपल्या संगीताचं पंचांगच मृत्यूंच्या तारखांनी भरलेलं आहे, आणि तरी कुणी तिथं रडायला जात नाही. डिसेंबरची थंडी, खांद्यावर शाल, मागच्या बाजूला चहा-वड्याची गर्दी, 'अहो, जरा सरकता का' अशी कुजबुज. शेवटी सवाई गंधर्वांच्या भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावून सांगता करायची, असा तिथला शिरस्ता. तोवर निम्मा मंडप सतरंज्या गुंडाळत आणि चपला शोधत असतो. उरलेले असतात तिथं उभे राहून ऐकतात. खरखरीतून तो अरुंद आवाज येतो आणि दिवसभर ऐकलेल्या तयारीच्या गाण्यांपेक्षा तोच घरी घेऊन जावासा वाटतो.

शिष्य ती जागा भरून काढतात, परंपरा चालू राहते, असं यावर म्हणायची पद्धत आहे. शिष्य रागाची वाट पुढं नेतात, हे निःसंशय. माणूस भरून निघत नाही. किशोरीताई आमोणकरांची तालीम घेतलेले उत्तम गायक आहेत, आणि किशोरीताईंचा भूप २०१७ मध्ये संपला. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. पहिल्यानं दुसऱ्याची भरपाई करायची घाई कशाला?

जानेवारी २०२४ मध्ये चार दिवसांच्या अंतरानं दोन बातम्या आल्या. ९ तारखेला राशीद खाँ, वय ५५. १३ तारखेला प्रभाताई अत्रे, वय ९१. पहिल्या बातमीनं लोक चिडल्यासारखे झाले, दुसरीनं गहिवरले. ख्यालाचा गळा आणि विचार एकत्र पिकायला लागतात तेच पन्नाशीच्या पुढं, त्यामुळं राशीद खाँच्या बाबतीत न झालेल्या मैफलींचा हिशेब सगळ्यांनी नकळत मांडला. पण हा हिशेब वयावर मांडता येतो का, अशी शंका प्रभाताईंमुळं येते. त्या गेल्या त्या दिवशीही त्यांचं मुंबईत गाणं ठरलेलं होतं. ९१ वर्षांच्या बाईंच्या पुढच्या मैफलीत आता नवं काय असणार, असं ज्याला वाटेल त्यानं त्यांच्या उतारवयातला मारुबिहाग ऐकलेला नसावा.

म्हणूनच मला स्टुडिओतल्या घोटीव मुद्रणापेक्षा खासगी बैठकांच्या टेप जास्त जवळच्या वाटतात. त्यांत तानपुरे जुळवणं असतं, कुणाचा तरी खोकला असतो, गवई तबलजीला हळूच काही सांगतो, एक जागा घ्यायला जातो, ती साधत नाही म्हणून दुसरीकडून येतो. निर्णय होताना ऐकू येतात. हरवलेल्या पुढच्या मैफलीची कल्पना अशाच टेपवरून करता येते. दुर्दैवानं पुण्या-मुंबईपासून धारवाडपर्यंत अशा कितीतरी स्पूल टेप कपाटांत पडून आहेत, काहींना बुरशी लागली आहे, आणि काही संग्राहकांचं गेलेल्या बुवांवरचं प्रेम इतकं उत्कट आहे की ते कुणाला प्रत देत नाहीत. ऐकायला घरी या म्हणतात, एखादा तुकडा लावतात, डोळे पुसतात आणि कपाटाला कुलूप लावतात. त्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. टेपवरचा चुंबकीय थर मात्र वर्षागणिक सुटतो आहे, आणि ती टेप संगणकावर उतरवून घ्यायला एक दुपार पुरते.