बांगड्या आणि वेळ



‘आता या वयात काय शिकायचं?’ असं निवृत्त मंडळी सारखी म्हणतात. आपल्या अवधूताने तर चोवीस गुरू केले! भागवताच्या अकराव्या स्कंधात तो यदुराजाला ते सांगतो. पृथ्वी, पाणी, अजगर, कोळी, पिंगला वेश्यासुद्धा. वर्ग भरवणारा त्यात एकही नाही.

मला त्यातली कुमारी फार आवडते. घरी पाहुणे आलेले, ती एकटी, आत भात कांडायला बसली. बांगड्या वाजू लागल्या. घरची गरिबी पाहुण्यांना कळेल, म्हणून तिने एकेक बांगडी काढली. दोन ठेवल्या तरी वाजतात, तेव्हा हातात एकेकच ठेवली. कांडण मात्र सोडलं नाही. अवधूत यातून एकांत शिकला. मी म्हणतो, आपल्याला वेळ नसतो असं नाही, बांगड्या फार असतात. सकाळचे फोनवरचे सुविचार, रात्रीच्या मालिका, कट्ट्यावरचं राजकारण. (पेन्शनवाढीची चर्चा मीही सोडत नाही, ती एक बांगडी राहू द्या!)

पहाटे अर्धा तास मी एकनाथी भागवत घेतो. दहा ओव्या, अर्थासह. अडलेला शब्द वहीत. नाथांच्या ओव्या १८,००० च्या वर. बँकेतली सवय, हिशेब मांडलाच: पाच वर्षं. माझं वय ६७. ‘पुरं होईल का हो?’ हिने विचारलं.

सध्या सातवा अध्याय चालू आहे. कपोताच्या गोष्टीपर्यंत आलोय.