चौकाला माहीत असलेला माणूस

आमच्या भागात दारूचा विषय निघाला की गाडी लगेच बंदीवर जाते. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. ती हवी की नको यावर लग्नाच्या पंगतीतसुद्धा भांडणं होतात, ती इथे नको. मला वेगळा प्रश्न पडलाय. दारू किंवा खर्रा सोडलेला माणूस पथनाट्यात व्यसनी माणसाचं काम करतो, तेव्हा तो स्वतःची लाज गावाच्या कामाला देत असतो. ती त्याच्याकडे मागायचा हक्क कुणाला?

नटाचं बरं असतं. १९१९ मध्ये ‘एकच प्याला’ रंगमंचावर आलं, तेव्हापासून तळीरामाला लोक हसत आलेत आणि नट मेकअप पुसून घरी गेलेत. झाडीपट्टीत धानाची कापणी झाली की रात्र रात्र नाटकं चालतात. त्यामुळे नट आणि भूमिका वेगळी असते हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. पण पथनाट्यात पडणारा माणूस याआधी त्याच चौकात खरोखर पडलेला असतो. समोर बसलेल्या एखाद्याने त्याला उचलून घरी नेलेलं असतं. लोक आधी हसतात, मग एकदम गप्प होतात. ती शांतता मिळवणं कसलेल्या नटालाही अवघड आहे.

अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसने याच्या उलट वाट धरली. वर्तमानपत्र, रेडिओ, सिनेमात सभासदाने स्वतःची ओळख उघड करायची नाही. एक कारण अगदी व्यवहारी होतं: नावाजलेला सभासद पुन्हा प्यायला लागला, तर लोक म्हणणार, यांचं सगळंच खोटं. शहरात हे पटतं. पण दोनशे घरांच्या गावात कोण कधी पीत होता हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लपवायला काही उरलेलंच नसतं, त्यामुळे नाटकात नवीन काही उघडं पडत नाही. उलट ‘मी सोडली’ ही बातमी तेवढी नवी असते.

मग अडचण कुठे आहे? आमच्या मित्रांच्या ग्रुपवर मध्यंतरी अशाच एका नाटकाची क्लिप आली. चाळीस सेकंद. ढोलकी, झोकांड्या, धपकन पडणं. खाली कुणीतरी लिहिलेलं, ‘कसा पडला बे!’ पुढचा भाग, जिथे तो उठून बोलतो, तो कापलेला. चौकाला त्या माणसाची वीस वर्षं माहीत असतात, फोनला चाळीस सेकंद. मी दिवसभर डेटाच्या परवानग्यांवर काम करतो. एका कामासाठी दिलेली परवानगी दुसऱ्या कामाला वापरायची नाही, हा तिथला पहिला धडा. त्याने होकार चौकाला दिला होता.

आणि बायकोचं काय? तो स्वतःची गोष्ट सांगतो तेव्हा तिचीही सांगतो: मार, विकलेली भांडी, उपाशी पोरं. २०१० मध्ये दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनापर्यंत चालत गेल्या त्या बायकाच होत्या. आपलं दुःख रस्त्यावर न्यायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं. नवऱ्याच्या नाटकात तिला कुणी विचारतं का? माझ्या मते त्याच्याआधी तिला विचारायला हवं. तिने नको म्हटलं तर तो प्रसंग गाळावा, नाटक थोडं फिकं झालं तरी चालेल.

सगळ्यात जड गोष्ट पुढची. व्यसनमुक्तीत उद्याचं वचन देत नाहीत, आजचा दिवस मोजतात. पुण्याच्या ‘मुक्तांगण’मध्ये बरे झालेले मित्र समुपदेशक म्हणून काम करतात, त्यांनाही पुन्हा घसरणं परकं नाही. पण चौकात टाळ्या घेतलेला माणूस आठ महिन्यांनी पुन्हा प्यायला, तर गाव म्हणणार, ‘नाटकच होतं ते.’ मग तो परत उपचाराला जायलाही लाजेल. त्याला बळ देणारी गोष्टच त्याची वाट अडवेल.

तरीही ही नाटकं बंद करा असं मी म्हणणार नाही. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ दारू आणि तंबाखूवर गावागावांत काम करतंय. पोस्टर वाचून खर्रा सोडलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. ओळखीच्या माणसाचं ऐकून सोडलेले दोघं भेटलेत. फक्त नाटक सुरू होण्याआधी फोन खिशात ठेवायला सांगावं. भूमिका आलटूनपालटून द्याव्यात, दरवेळी त्यानेच पडायला नको. आणि ज्या दिवशी त्याला काहीच सांगावंसं वाटत नसेल, त्या दिवशी त्याला ढोलकी वाजवू द्यावी.