स्थळाची साक्ष

शार्क माशाचा अश्मीभूत दांत हातीं आला कीं पहिला प्रश्न येतो तो, हा कोणत्या जातीचा? जाणता संग्राहक त्याची कड करवती आहे कीं गुळगुळीत, शिखर रुंद आहे कीं सुईसारखें, हें पाहून नांव सांगतो. काम सोपें नव्हे. एकाच माशाचे वरचे व खालचे दांत निरनिराळ्या घाटाचे असूं शकतात. काळ्या रंगावरून वय ठरवावें तर तेंही फसवें, कारण रंग बहुधा गाळांतील द्रव्यांचा असतो. 1666 सालीं इटलींत लिव्होर्नोजवळ पकडलेल्या शार्कचें डोकें स्टेनो यानें चिरून पाहिलें, आणि आकाशांतून पडतात म्हणून समजले जाणारे 'जिव्हापाषाण' हे वस्तुतः शार्कचे दांत होत, असें पुढल्या वर्षीं प्रतिपादिलें. त्या प्रतिपादनाचा अर्धा जोर दांताच्या आकारांत होता. उरलेला अर्धा, तसे दांत जमिनीच्या थरांत सांपडतात, या गोष्टींत होता.

आतां समजा, शिरूर किंवा दौंड येथील एखाद्या शाळेच्या कपाटांत असा दांत ठेवावयाचा आहे. तो कोणी कच्छांतून आणला असेल, कोणी बाजारांत घेतला असेल. जातीचें नांव बिनचूक लिहून त्याखालीं 'घोडनदीच्या पात्रांत सांपडला' एवढें जोडलें, तर बिघडलें कोठें? दांत तर खरा आहे, आणि मुलांस गांवाचा अभिमान वाटेल!

भीमथडीचा पाया काळ्या अग्निजन्य खडकाचा आहे. सुमारें 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वींचे ते लाव्हारसाचे थर जमिनीवर पसरले, समुद्रतळावर नव्हे; घोड व भीमा यांचा गाळ तर त्या मानानें कालचा. दांत येथला ठरला कीं समुद्रही येथला ठरतो. जाणकार ही चिठ्ठी वाचून हंसेल व पुढें जाईल, हें खरें. परंतु खोटें स्थळ जेथें संभवनीय असतें तेथें जाणकारही फसतो. 1989 सालीं ऑस्ट्रेलियन भूशास्त्रज्ञ जॉन टॅलंट यांनीं 'नेचर' नियतकालिकांत आक्षेप घेतला कीं, हिमालयांतले म्हणून वर्षानुवर्षें प्रसिद्ध होत आलेले कित्येक जीवाश्म मुळांत परदेशचे आहेत. जीवाश्म अस्सल होते; पण त्यांच्या आधारें लिहिलेला हिमालयाचा इतिहास संशयास्पद झाला.

दगडाला कसले हक्क, असें कोणी म्हणेल. दगडाला नसोत. पण ती चिठ्ठी वाचून एखादा मुलगा उन्हाळाभर नदीचें पात्र धुंडाळील. हातीं आलेलें जुन्या जनावराचें हाड, शार्कचें नव्हे म्हणून, फेंकून देईल. त्याचा विश्वास आम्ही कोणत्या अधिकारानें खर्ची घातला?

वास्तविक हा धडा घेण्यास शिरूरकरांनीं दूर जावयास नको. त्याच तालुक्यांत, घोडनदीकांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें 1968 ते 1983 या काळांत उत्खनन केलें. तेथील रांजण नुसते उचलून धुवून फळीवर मांडले असते तर ते रांजणच राहिले असते. ते घराच्या जमिनीखालीं, तोंडास तोंड लावून, आंत मुलाच्या अस्थींसह मिळाले; मोठ्या माणसांचीं पावलें तोडून पुरलेलीं दिसलीं; आणि तीन हजार वर्षांपूर्वींच्या आईबापांचें दुःख व भय आमच्या दृष्टीस पडलें. हें सारें जागेवरची नोंद ठेवल्यामुळें.

म्हणून त्या दांताखालीं 'शार्कचा दांत, देणगी, मूळ स्थळ अज्ञात' असेंच लिहावें. शेजारीं विहीर खणतांना निघालेला एखादा स्फटिक ठेवावा, आणि त्याखालीं गांव, शेत, विहिरीची खोली व तारीख लिहावी.